पानाचा फोटो

डाळज, २१ मे

प्रिय मेघना,

भाटवेळच्या किनाऱ्यावरची मर्यादवेल काढून एक टेम्पो भरायला काय लागतं, ते आधी सांगतो. चार माणसं, साडेतीन तास, दोन विळे, बारा ओली बारदानं, एक ताडपत्री आणि सहा कप चहा. बस. तीच वेल त्या वाळूवर पसरायला किती पावसाळे गेले ते तुला ठाऊक. त्यातले सहा तू तुझ्या अभ्यासासाठी स्वतः मोजलेस. चहात आलं होतं आणि साखर जरा जास्त पडली होती. आता हे सगळं नानाला कसं माहीत, असं तुझ्या मनात आलं असेल. ते मनात तसंच धरून ठेव. मी टाळणार नाही, पण मला माझ्या चालीनं येऊ दे. फोनवर तीनदा सरळ यायला गेलो आणि तिन्ही वेळा वाट सोडली.

परवाचाच फोन घे. तू म्हणालीस, सोमवारी तालुक्याला जाऊन जबाबावर सही करायची आहे, कागद तयार आहे, त्यात वेलीची चोर म्हणून सारजाबाईचं नाव आहे. तुझा आवाज बसलेला होता. "नाना, मला बरं नाही वाटत. पण वेल राखायला ती, कुंपणाची किल्ली तिच्याकडं, आणि तीन महिने झाले तोंड उघडत नाही. मग मी काय समजायचं?" असं तू मला विचारलंस. त्यावर मी काय म्हणालो, आठवतंय? म्हणालो, तिकडं थंडी कशी काय आहे. मे महिन्यात थंडी. तू हसलीस, म्हणालीस नाना आता म्हातारे झाले. त्या सहीनंतर सारजाबाईचं काय होणार हेही तूच मागं सांगितलं होतंस. वेलीचं काम गेलंच आहे, हिवाळ्यातलं कासवांच्या घरट्यांच्या राखणीचं कामही जाईल, पोलिसात नाव जाईल आणि गाव तिला जन्मभर चोर म्हणेल. नवरा नाही, मूल नाही, आणि वाळूच्या टेकाडाला लागून पहिलं घर तिचं. एवढं सगळं एका सहीवर आहे, म्हणून हे पत्र सोमवारच्या आत तुझ्या हातात पडलं पाहिजे. भिगवणला जाऊन स्वतः स्पीड पोस्टानं टाकणार आहे, नर्सरीतल्या बिरूच्या हाती देणार नाही. का ते पुढं येईल.

माझ्या कानांचं कौतुक तू लहानपणापासून ऐकत आलीस. चाळीस ओळींपलीकडं ठिबकच्या नळीला भोक पडलं तर मी ऑफिसात बसून सांगतो कुठल्या ओळीत ते. गिऱ्हाईक "विचार करून सांगतो" म्हणालं, की ते घेणार का नाही हे मला त्या तीन शब्दांच्या चढउतारात कळतं. ह्या कानांनी मला धंदा शिकवला. त्यांचा त्रास एवढाच, की नको तेही ऐकू येतं. एप्रिलात तू वेलीच्या चौकशीला बसलेल्या समितीच्या बैठकीच्या बाहेरून मला फोन केला होतास. तू माझ्याशी बोलत होतीस, आणि तुझ्यामागं खोलीत कुणीतरी सारजाबाईला खडसावत होतं. तुझ्या ते कानावर पडलं नसेल, तू तुझ्याच बोलण्यात होतीस. मी ऐकलं. ती म्हणत होती, "शब्द दिलाय तो दिलाय. माझ्या तोंडून नाव नाही निघायचं." मग एक पुरुष हसला आणि म्हणाला, "शब्दाचे किती मिळाले, बाई?" मी फोन कानाला तसाच लावून बसलो. तू दोनदा हॅलो हॅलो म्हणालीस आणि रेंज गेली असं समजून ठेवून दिलास. रेंज चांगली होती.

आता थोडं मागं जातो, नाहीतर तुला वाटेल नानाला अचानक भूत लागलं. बारामतीला नर्सरीत मातीच्या पिशव्या भरायला लागलो तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. निरवांगीत आपल्याला एक गुंठा जमीन नव्हती; दुसऱ्याच्या बांधावर उभं राहायचं तर तेही विचारून. नर्सरीचे मालक छाटणीच्या टाकाऊ काड्या उकिरड्यावर फेकायचे. मी त्या संध्याकाळी उचलायचो आणि खोलीच्या मागं फुटक्या डब्यांत लावायचो. डाळिंब, अंजीर, जास्वंद, काहीही असो, पंधरवड्यात डोळा फुटायचा. एक दिवस मालकांनी ते डबे पाहिले आणि चारचौघांत म्हणाले, "ह्या पोराच्या हातची काडी मरत न्हाय." मेघना, लोक लग्नातला कोट जपून ठेवतात तसं मी ते वाक्य चाळीस वर्षं जपलंय, आणि कोटापेक्षा जास्त वेळा घातलंय. नर्सरीला तुझ्या आईचं नाव दिलं, शालन नर्सरी, आणि ती नको नको म्हणत असताना पाटीवर खाली रंगवून घेतलं: आमच्या हातची काडी मरत नाही. उसाची रोपं न्यायला आलेला शेतकरी ती पाटी वाचून हसायचा आणि ट्रे उचलायचा. तुझं शिक्षण त्याच पाटीनं केलं, हे खोटं नाही. पण माणसानं स्वतःची पाटी रोज वाचू नये. मी वाचत होतो.

दोन वर्षांपूर्वी तू आम्हा दोघांना भाटवेळला नेलंस. समुद्र मी आधी पाहिला होता, पण समुद्राच्या अलीकडचं काही कधी पाहिलं नव्हतं. माणूस सरळ पाण्याकडंच बघतो. तू सकाळी सातला उठवलंस, कारण म्हणे फूल दुपारपर्यंत मिटतं. आधी ओहोटीची ओली वाळू, मग कोरडी, मग ते लांबच लांब टेकाड, आणि त्याच्या पाण्याकडच्या अंगावर ती वेल. दोरखंडासारखे देठ वाळूवरून खाली समुद्राकडं धावलेले, पेरापेराला मूळ सोडलेलं. पान जाड, चिवट, आपट्यासारखं मधोमध दुभंगलेलं. आणि फुलं जांभळट गुलाबी, भोंग्यासारखी, सगळी तोंडं उघडून बसलेली. त्यांच्या वरच्या अंगाला रावणाच्या मिशा म्हणतात ते गवत, पायाला टोचणारं. वेलीखालून वाळूच्याच रंगाचे खेकडे तुरुतुरु पळत होते आणि तुझी आई दर खेकड्याला "अगं बया" म्हणत होती. तू सांगत होतीस, वाऱ्यानं आलेला वाळूचा कण ही वेल धरून ठेवते, त्याचंच टेकाड होतं, आणि टेकाड आहे म्हणून मागं माड आहेत, घरं आहेत. सारजाबाई बाजूला उभी होती, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. तिला आकडे लिहिता येत नाहीत, म्हणून उघडलेल्या दर फुलामागं ती एक शिंपला डब्यात टाकायची आणि नंतर तू ते मोजून वहीत उतरवायचीस. ती म्हणाली, "समुद्र हिला ओलांडत नाही, म्हणून मर्यादवेल." मी आपलं गमतीनं म्हणालो, एवढ्याशा वेलीला एवढा मोठा समुद्र भितो होय? ती म्हणाली, "भीत नाही. मान ठेवतो." मी वाकून एक काडी खुडायला गेलो तर तू माझ्या मनगटावर चापट मारलीस. "नाना, हात मागं." लहानपणी गिऱ्हाइकाच्या रोपाची कळी तोडायला गेलीस की मी तुला म्हणायचो, अगदी त्याच आवाजात. आम्ही सगळे हसलो. मी पण हसलो, पण हात शिवशिवतच राहिला.

ह्या जानेवारीत ऋषिराज आला. आपलं जुनं गिऱ्हाईक दत्तोबा, त्यांचा नातू. उजनी धरणाच्या फुगवट्याला त्यांचं रान लागतं, तिथं त्यानं पक्षी बघायला येणाऱ्या लोकांसाठी खोल्या बांधल्यात. आता त्याला बीच करायचा होता. क्रश सँडचे ढीग पडले होते, क्रेननं नारळाची झाडं उभी केली होती, त्यांना दोऱ्या बांधून ठेवल्या होत्या. म्हणाला, "नाना, समदं झालंय, पण वाळू उघडी वाघडी दिसती. गोव्याला कशी वाळूवर जांभळी फुलं असत्यात, तसली पायजेत. बारामतीत चौघांना इचारलं. म्हनत्यात हिकडं जगायची न्हायत." झालं. कुणी जगायची नाही म्हणालं, की माझ्यातलं ते डबेवालं पोरगं उठून बसतं. मी म्हणालो, "आपल्या हातची काडी मरत न्हाय. मे सरायच्या आत तुझा बीच जांभळा करून देतो." तो पाया पडून गेला. पैशाचं आम्ही त्या दिवशी बोललोसुद्धा नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण तुला वाटेल नानानं पैशासाठी केलं. पैशासाठी करायचं असतं तर मी कदाचित जास्त विचार केला असता.

तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. त्यात ह्याहून खोल काही नाही. फेब्रुवारीत आठवडाभर तू गोव्याला परिषदेला जाणार, हे तूच फोनवर सांगितलं होतंस. मी बिरूला आणि आणखी तिघांना घेऊन कुंभार्ली घाट उतरलो. भाटवेळला पोचलो तेव्हा गाव शेजारच्या जत्रेला गेलेलं होतं, सारजाबाई तेवढी तुझ्या कुंपणाशी बसलेली. तिनं मला लगेच ओळखलं. "ताईचे बाबा ना? या, आधी घरात या." मी तिला म्हणालो, ताईला काही सांगू नका, जूनमध्ये तिचा वाढदिवस असतो, आमच्याकडं पाण्याकाठी तिची वेल लावून दाखवायची आहे, गंमत करायची आहे. थोड्या काड्या घेतो. तिचा चेहरा असा उजळला की तिनं कनवटीची किल्ली स्वतः काढून बिरूच्या हातावर ठेवली. "नाही सांगणार बाबा. शब्द आहे माझा." त्या एका गंमत शब्दावर तिनं फाटक उघडलं आणि त्याच शब्दापायी ती आज चोर ठरतेय.

माणसांना मी सांगितलं होतं, काडी कापायची, पेराखाली, वेल हातभर ठेवून; मुळाला धक्का लावायचा नाही. एवढं सांगून मी तिच्या पडवीत जाऊन बसलो. तिथून किनारा दिसत नाही, टेकाड आडवं येतं. दिसत नाही, पण ऐकू येतं. विळ्यानं ओला देठ कापला की कच् असा बारीक आवाज होतो. पहिली दहा मिनिटं तो येत होता. मग तो थांबला आणि दुसराच सुरू झाला, लांब, चिरफाळल्यासारखा, जुनं धोतर दोघांनी दोन टोकांनी ओढावं तसा. मूळ वाळूतून ओढून काढताना तसा आवाज येतो. ओढलं की काम उरकतं आणि घाट उजेडात चढता येतो. घाई बिरूला मीच शिकवलीय. मला तो आवाज दुसऱ्याच ओढीला कळला, मेघना. सारजाबाई विचारत होती, साखर बरोबर पडलीय का. मी म्हणालो, अगदी बरोबर, आणि दुसरा कप घेतला. उठून टेकाडावर जायला वीस पावलं होती. मी साडेतीन तास तो आवाज ऐकत बसलो आणि तिला तुझ्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या.

शेवटी वर गेलो तेव्हा चौऱ्याऐंशी पावलं वाळू उघडी पडली होती. तुझे नंबर घातलेले लाकडी खुंट तेवढे ओळीनं उभे होते, खाली काही नाही. सारजाबाई माझ्या मागून वर आली. हातात तो डबा होता. तिनं तो पदराखाली घेतला, झाकून. म्हणाली, "परत येईल ना, बाबा?" मी म्हणालो, येईल की. त्या बाईला झाडापेडाचं माझ्याहून जास्त कळतं. ती येणार नाही हे तिला दिसत होतं, तरी तिनं माझ्या बोलण्यावर मान डोलावली, कारण मी तुझा बाप होतो. ती तीन महिने गप्प का आहे, ह्याचा मी खूप विचार केला. नुसता शब्द दिलाय म्हणून नाही. ज्या माणसाचं नाव घ्यायचं ते तुझ्या बापाचं आहे, आणि ते तुझ्या तोंडावर घ्यायचं तिच्यानं होत नाही. तू तिच्यावर चिडतेस तेव्हा ती तुलाच सांभाळत असते.

परतीला टेम्पो घाटात बंद पडला. पाच तास ताडपत्रीखाली वेल नुसती वाफेत शिजली. डाळजला उतरवली तेव्हा निम्मी हाताला मऊ लागत होती. तरी चोवीसशे पिशव्या भरल्या. आणि दोनच दिवसांनी तू गोव्याहून परतलीस आणि तुझा फोन आला. तू रडत नव्हतीस; रडली असतीस तर बरं झालं असतं. "नाना, कुणीतरी सगळं ओरबाडून नेलंय." मी म्हणालो, वेलच ती, येईल परत. तू म्हणालीस, "मुळं नेलीत नाना. मुळं." त्या दिवसापासून मी त्या पिशव्यांच्या कोपऱ्याकडं फिरकलो नाही. बिरूला म्हटलं, हे तूच बघ. आजवर धंद्यात मी असं कधी केलेलं नाही, दर ट्रेला माझं बोट लागतं. रोज सकाळी लांबून विचारायचो, "कसं हाय रं?" तो म्हणायचा, "झकास, नाना." एप्रिलात म्हणाला फुटवा आला. मे लागला तेव्हा म्हणाला कळी आली. मला लांबून जांभळा रंग दिसायचा आणि मी मनात म्हणायचो, निदान जगली तरी. पावसाच्या तोंडाला पुन्हा टेम्पो भरायचा, तू नसताना भाटवेळला जायचं आणि लावून यायचं, असा बेत मी केला होता. चोरून आणलेलं चोरून परत ठेवायचं, म्हणजे कुणापुढं मान खाली घालायला नको. ह्या बेतात सारजाबाई कुठंच नव्हती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

वैशाख पौर्णिमेला विहारात गेलो. माझ्या बापानं शाळा पाहिली नव्हती, पण छप्पन साली धम्म घेतल्यावर महिनाभरात पंचशील पाठ केलं होतं. जनावरं हाकताना म्हणायचा, मी त्याच्या तोंडून ऐकून शिकलो. दुसरी ओळ, अदिन्नादाना वेरमणी. जे दिलेलं नाही ते घेणार नाही. त्या दिवशी एवढ्या लोकांच्या आवाजात मला माझा आवाज शोधूनही ऐकू येईना. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. चौथी ओळ खोटं न बोलण्याची, तिलाही तेच. बाहेर आल्यावर तुझी आई म्हणाली, घसा धरलाय का, गुळण्या करा मिठाच्या. मी घरी येऊन मुकाट गुळण्या केल्या.

आणि गेल्या रविवारी, तिला बिचारीला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, तिनं त्या फुलाचा अगदी जवळून फोटो काढून तुला पाठवला. "बघ, तुझ्या समुद्रावानी फूल आपल्या हितं." मी जेवायला बसलो होतो. पाच मिनिटांत तुझं उत्तर आलं, ते तिनं मोठ्यानं वाचलं. आई, पानाचा फोटो पाठव. लगेच पुन्हा, पान, आई. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा ती म्हणाली, ही पोरगी काय सुचू द्यायची न्हाय, आणि चपला घालून निघाली. मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो. गारपिटीत शेडनेट उडालं, करोनाच्या साली रोपं जागेवर सडली, तेव्हा मला घाम फुटला नव्हता. तो त्या एका पानापायी फुटला. पान दुभंगलेलं असणार, तू ते बघताक्षणी ओळखणार. खरं सांगू, थोडं बरंही वाटलं. म्हटलं, सुटलो, मला तोंड उघडावं लागणार नाही. तिच्या चपलांचा आवाज ट्रेच्या ओळींमधून गेला, कोपऱ्यात थांबला. मग मला तिचं हसणं ऐकू आलं. "अवो, हिकडं या. ही तर बेशरम हाय."

बेशरम, मेघना. उजनीच्या काठाला, रस्त्याच्या चारीला, निरवांगीच्या ओढ्याला, जिथं पाणी तिथं माजणारी, जिला शेळीसुद्धा तोंड लावत नाही ती. फूल जवळून अगदी तसंच, भोंग्यासारखं, जांभळट गुलाबी. पान मात्र लांबट, बदामाच्या आकाराचं, कुठंही न दुभंगलेलं. तुझ्या आईनं त्याचा फोटो काढून पाठवून दिला आणि मी बिरूला हाक मारली. तो आला तोच मान खाली घालून. मार्चमध्येच काड्या काळ्या पडायला लागल्या होत्या. आपल्या काळ्या मातीत पाणी धरलं आणि कुजत गेल्या. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस. तर म्हणतो, "नाना, पाटीवर लिवलंय न्हवं. माझ्या हातनं मेल्या म्हनल्यावर तुमी काय म्हनला असता? म्हून काठावरची बेशरम तोडून लावली. फूल सारखंच असतंय. ऋषिराजशेटला कुठं कळतंय." मी तुझ्याशी जे केलं तेच त्यानं माझ्याशी केलं होतं, आणि तेही एकाच पाटीपायी.

तेवढ्यात तुझं उत्तर आलं. आधी हसणारी तोंडं, चार-पाच. मग लिहिलेलं: नाना, सॉरी. क्षणभर माझ्या मनात भलतंच आलं होतं. तुमच्याबद्दल असं मनात आलंच कसं. आईनं ते हसत वाचायला सुरुवात केली आणि शेवटाला तिचं हसू गेलं. तिचे कान माझ्याइतके तिखट नाहीत, पण तिला डोळे आहेत, आणि माझ्या हातात तो भाकरीचा तुकडा अजून तसाच होता. "भलतं म्हंजी काय ओ?" तिनं विचारलं. मी तिला तिथंच, पिशव्यांच्या मध्ये उभं राहून सगळं सांगितलं. ती बांधावर खाली बसली. म्हणाली, "मर्यादा आनायला गेला आन् दारात ही लावली." त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मंगळवारी दुपारी माझ्यासमोर तुझी जुनी फुलस्केप वही आणि पेन आणून ठेवलं आणि म्हणाली, लिवा. ऋषिराजकडं काल जाऊन नाही म्हणून आलो. तो म्हणाला, "मग बेशरमच लावू की नाना, कोन बघतंय पानाकडं."

तुझ्या मनात शेवटची जी शंका होती ती त्या बेशरमीच्या पानानं फेडली. माझ्यावरचा संशय गेला म्हणून तो सगळा सारजाबाईवर जाऊन बसला, आणि दुसऱ्याच दिवशी तू मला फोन करून सही करणार म्हणालीस. आता हे फोनवर का नाही सांगितलं, तर त्याचं कारण हे. सगळा धंदा मी तोंडी शब्दावर केला, कुणाला कधी कागदावर काही लिहून दिलं नाही, आणि त्यात मला हुशारी वाटायची. सारजाबाईही तोंडी शब्दावरच उभी आहे, आणि तिला कुणी विचारत नाही. बाप फोनवर कबूल झाला असं तू तिथं सांगितलंस तर म्हणतील, पोरगी बाईला वाचवायला बघतेय. म्हणून हे कागदावर, माझ्या हातचं, खाली नाव-गाव-वय घालून आणि सही करून. हे पत्र जपून ठेवू नकोस आणि फाडूही नकोस. सोमवारी त्या जबाबाच्या जागी हे दे. मी रविवारी संध्याकाळपर्यंत भाटवेळला पोचतो. तुझ्याकडं येणार नाही. आधी सारजाबाईच्या पडवीत जाईन आणि तिला तिच्या शब्दातून मोकळी करेन. सोमवारी कचेरीत येईन, तुझ्याबरोबर, किंवा तुला नको असेल तर चार पावलं मागून. तिथं त्यांनी विचारलं हे तुमचे कोण, तर काय सांगायचं ते तू ठरव.

तुझाच,
नाना

(धोंडीबा लक्ष्मण चंदनशिवे, वय ५९, धंदा रोपवाटिका, मु. डाळज, ता. इंदापूर, जि. पुणे)

ता. क. त्यातल्या काही जगल्या असतील तर परत लावता येतील, असं तुझ्या मनात येईल, म्हणून लिहितो. काल मी, तुझी आई आणि बिरू, तिघांनी चोवीसशे पिशव्या एकेक करून पाहिल्या. मर्यादवेलीची एकही काडी जिवंत नाही.